वाचनमंडळ आणि निबंध यांची सांगड

आपल्या वाचनमंडळाची सुरुवात मार्क्सच्या ‘भांडवल’च्या पहिल्या खंडापासून करावी, आणि सदस्यांच्या निबंधांचे प्रकाशन वर्षभराने पाहावे, अशी एक सूचना आली आहे; ती मला पटत नाही. कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांची ‘शिवाजी कोण होता?’ ही १९८८ची पुस्तिका मुळात भाषणातून घडली. आटोपशीर, परवडणारी आणि वाद घालण्याजोगी असल्यानेच ती गावोगाव पोहोचली. ‘भांडवल’ला माझा विरोध नाही, पण तिसऱ्या बैठकीला किती खुर्च्या भरलेल्या असतील, याचा अंदाज बांधणे कठीण नाही.

सांगली-साताऱ्यात तर विषय समोरच पडले आहेत. ब्रिटिशांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचे (समांतर सरकारचे) नेते क्रांतिसिंह नाना पाटील पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले आणि १९५७ साली साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. हा प्रवास कसा घडला, यावर एक निबंध सहज उभा राहील. खानापूर तालुक्यातील बळीराजा धरणाच्या चळवळीने भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा हक्क असावा, अशी मांडणी केली होती. ती आजच्या ऊसपट्ट्यात कितपत टिकते, हा प्रश्न विळा-कोयता हाती घेणाऱ्यालाही आपला वाटेल.

म्हणून प्रत्येक बैठकीतील एकाने पुढील बैठकीपूर्वी दीड-दोन हजार शब्दांचा निबंध लिहावा, विरोधी मत मांडणाऱ्याचे टिपणही त्यासोबत छापावे आणि चार निबंध जमताच पुस्तिका काढावी. संपादन मात्र दोघांकडेच असावे; समिती नेमली की मजकूर गुळमुळीत होतो.