मदत हवी आहे: ऑपरेशन योजनेतून झालं, वर्गणी शिल्लक आहे. माईंना पुन्हा हिंडतं-फिरतं करायला ती कशी वापरावी? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

जुन्या नाशकात तांबट आळीच्या अलीकडे आमचा वाडा आहे. वरच्या मजल्यावर माई एकट्या राहतात, वय ७४. मूलबाळ नाही, पुतण्या सुरतेला. परवापरवापर्यंत फुलवाती वळून रामकुंडावर विकायच्या आणि स्वतःचं भाडं स्वतः भरायच्या. पावसाळ्यात मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं.

गल्लीने त्याच रात्री वही काढली. काही रोख, काही मंडळाच्या खजिनदारांच्या मोबाईलवर, असे १ लाख २० हजारांच्या आसपास जमले. मग कुणीतरी आयुष्मानच्या वयवंदना कार्डाचं सांगितलं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. आधारवर कार्ड निघालं, अर्धा सांधा बदलला, बिल शून्य. वर्गणी जवळजवळ जशीच्या तशी आहे.

खरा प्रश्न आता आहे. योजनेत घरी सोडल्यानंतरची औषधं १५ दिवस मिळतात, पुढचं आपलं आपण. डॉक्टरांनी उकिडवं बसायला सक्त मनाई केली आहे. आमचा संडास खाली चौकात, देशी. जिना लाकडी, उभा, वरून सोडलेला दोर धरून चढायचा. सध्या शेजारच्या काकू भांडं देतात. परवा लक्षात आलं की माई दुपारनंतर पाणीच पीत नाहीत, म्हणजे रात्री कुणाला हाक मारायला नको. ऑपरेशन चांगलं होऊनही बाई खाटेलाच खिळली आहे.

मंडळात दोन तट पडलेत. एक म्हणतो, पैसे ऑपरेशनसाठी मागितले होते, ते परत करा. दुसरा म्हणतो, पुढच्या गरजूसाठी ठेवा. (अन्नदानाची सूचनाही आली. नाशकात ती येतेच.) माझं मत असं की लोकांनी पैसे हॉस्पिटलसाठी नाही, माईंसाठी दिलेत. खोलीत कमोड, भिंतीला धरायला दांडी आणि काही महिने फिजिओ, हाही उपचारच. पण देणाऱ्यांना विचारल्याशिवाय खर्च करणं मला पटत नाही.

तर जाणकारांनी सांगा: एवढ्याशा खोलीत काय बसवता येईल? घरी येणारा फिजिओ किती काळ लागतो? खजिनदारांच्या खात्यात एवढी रक्कम ठेवणं ठीक आहे का? ते बिचारे धास्तावलेत. आणि देणगीदारांची यादी माईंना दाखवावी का? त्या रोज मागतात. मला वाटतं दाखवू नये, आयुष्यभर प्रत्येकाच्या दारावरून मान खाली घालून जातील.

प्रतिसाद १
मी फिजिओ आहे. बांधकाम नंतर करा, आधी चाकं नसलेली कमोड खुर्ची आणा. उंची अशी हवी की बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील. वॉकर आणि खुर्ची विकत घेऊ नका, रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात अनामत भरून मिळतात. फिजिओ रोज नको. आठवड्यातून दोन-तीनदा येऊन व्यायाम शिकवून जाऊ दे, बाकी दिवस माईंनी स्वतः करायचे. फिजिओथेरपी कॉलेजच्या ओपीडीत दर कमी असतात, पण तूर्त जिन्यामुळे तुम्हाला ते जमायचं नाही. जिना शेवटी, आणि तोही आम्ही सोबत असताना: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. दोरावर विसंबू नका, दुसऱ्या बाजूला पक्का कठडा लागेल. आणि पाणी प्यायला लावा, हे सगळ्यात आधी.

प्रतिसाद २
पैशांचं: नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५० हजारांवर रक्कम मिळाली तर ती घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात. माईंना दुसरं उत्पन्न नाहीच म्हटल्यावर कर लागणार नाही, पण खजिनदारांना उगाच प्रश्न येऊ शकतात. माईंच्या खात्यात वळवा, वही जपा, पावत्या त्यांच्याच नावावर घ्या. ८०जीची (देणगीवरची) करसवलत कुणी मागेल, व्यक्तीला दिलेल्या मदतीवर ती मिळत नाही. शिवाय मुख्यमंत्री वयोश्री योजनेचा अर्ज भरा. ६५ वर्षांपुढे, उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर साधनांसाठी एकदाच ३ हजार थेट खात्यात येतात. वॉकरपुरते झाले.

धागाकर्ती
दोघांचे आभार. खर्चाचा तक्ता आज गटावर टाकते, ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी रविवारपर्यंत सांगावं. खजिनदार हे वाचून आत्ताच पासबुक घेऊन वर आलेत! यादीबद्दल मात्र कुणी बोललं नाही. माईंचं म्हणणं, "मला कळायला नको का कुणाचं किती?" मला अजून पटत नाहीये, पण बहुतेक त्यांचंच ऐकावं लागेल. आणि कठडा जुन्या लाकडी जिन्याला बसवणारा सुतार पंचवटी किंवा भद्रकालीत कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. घरमालकांची परवानगी मिळाली आहे.