घरचे चार्जिंग की महामार्गावरचे? बेळगावकरांचा हिशोब

प्रश्न (टिळकवाडी): इलेक्ट्रिक गाडी घेण्याचा विचार आहे. रोज खानापूरला जाणे-येणे असते, अधूनमधून पुण्याला जावे लागते. घरच्या आणि सार्वजनिक चार्जिंगच्या खर्चात नेमका किती फरक पडतो, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (शहापूर): घरगुती विजेचा दर युनिटमागे सुमारे 6 रुपये धरा. जलद चार्जरवर 20 रुपये दर लिहिलेला असला, तरी 18 टक्के जीएसटी धरून तो 23.60 रुपये पडतो, कारण विजेवर जीएसटी नसला तरी चार्जिंग ही सेवा मानली जाते. म्हणजे 30 युनिटांना घरी 180, बाहेर 708 रुपये.

उत्तर (निपाणी): गृहज्योतीचा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या 200 युनिटांपर्यंतच्या मोफत घरगुती विजेच्या योजनेचा, लाभ घेत असाल, तर हे गणित कोलमडते. महिन्याचा वापर 200 युनिटांवर गेला, की केवळ वरच्याच नव्हे, सगळ्याच युनिटांचे बिल भरावे लागते. आणि रोजचे पन्नासेक किलोमीटर धरले, तर एकट्या गाडीलाच महिन्याला पावणेदोनशेच्या आसपास युनिट लागतील. शिवाय हेस्कॉम या इथल्या वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घेतला, की स्थिर आकारही वाढतो. अर्थिंग मात्र आधी तपासून घ्या. जुन्या वाड्यांत ते बहुधा नावापुरतेच असते.

उत्तर (शहापूर): गृहज्योतीचा मुद्दा रास्त आहे. तरीही घरचेच स्वस्त पडेल. पुण्याला जाताना घरून पूर्ण चार्ज करून निघावे आणि वाटेत चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवावे, कारण त्यापुढे चार्जिंगचा वेग बराच मंदावतो.