प्रस्ताव उघड्यावर, मग समीक्षकही उघड्यावर?
(टोपणनावांनी झालेली चर्चा)

तिसरा मसुदा:
आमच्या संशोधन गटात नवा नियम घाटतोय. संशोधनाचा प्रस्ताव सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा, समीक्षकाने नावानिशी अभिप्राय द्यायचा, उत्तर-प्रत्युत्तरही तिथेच. माझा पाठिंबा आहे, कारण गुप्त समीक्षेच्या बंद पाकिटाने मी पोळलोय. एका ठिकाणी प्रस्ताव पाठवला होता. पाच महिन्यांनी नकार आला आणि सोबत शेरा: ‘नमुन्याची संख्या कशी ठरवली ते दिलेलं नाही.’ दिलेलं होतं! पान ४ वर, तक्त्यासकट. पण सांगता कुणाला? चारचौघांत सही करायची म्हटली की माणूस पान ४ वाचतो.

कुंपणावरची:
वाचतो, आणि मग गोडगोड लिहितो. ज्यांच्या शिफारसपत्रावर माझी पुढची नोकरी अवलंबून, त्यांच्या प्रस्तावात कंट्रोल गटच (तुलनेसाठीचा गट) नाही हे मी सही ठोकून लिहू? मी गप्प बसेन. परखड लिहितील ते फक्त ज्येष्ठ, तेही कनिष्ठांबद्दल. शिवाय कल्पना कुणी उचलली तर? मोठ्या प्रयोगशाळेत दहा जण हाताशी असतात, मी एकटी.

तिसरा मसुदा:
उचलेगिरी बंद पाकिटात होत नाही? तिथे वाचणारे बहुतेकदा आपलेच स्पर्धक, आणि साक्षीला कुणी नाही. उघड प्रस्तावावर निदान तारीख तरी असते.

जुना खडूस:
तारीख दाखवून भांडता येतं, काम आधी उरकता येत नाही. पण तुम्ही दोघं दोन गोष्टींची गल्लत करताय. प्रस्ताव उघड असणं वेगळं, नावं उघड असणं वेगळं. हबल अवकाश दुर्बिणीवर निरीक्षणाची वेळ मागायला येणाऱ्या प्रस्तावांवर २०१८ पासून अर्जदाराचं नावच समीक्षकांना दिसत नाही. त्याआधी वर्षानुवर्षं पुरुषांच्या प्रस्तावांना यश जास्त मिळायचं. नावं झाकल्यावर पहिल्याच फेरीत स्त्रियांच्या यशाचं प्रमाण पुरुषांच्या किंचित पुढे गेलं. झाकण्यानेही न्याय होतो.

तिसरा मसुदा:
आणि झाकण्याने अन्यायही लपतो. स्वीडनमध्ये क्रिस्टीन वेनेरोस आणि आग्नेस वोल्ड यांनी वैद्यकीय संशोधन मंडळाने पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या) अर्जांना दिलेले गुण तपासले. तेवढेच गुण मिळवायला स्त्रीला पुरुषाच्या सुमारे अडीचपट काम दाखवावं लागत होतं. १९९७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हे छापून आलं. कागद मंडळाने आपणहून दिले नव्हते, माहितीच्या कायद्याचा आधार घेऊन मिळवावे लागले.

कुंपणावरची:
तेही निकालानंतरच ना? मग अभिप्राय निकालानंतर उघड करा आणि सही ऐच्छिक ठेवा.

चहाटळ:
सही राहू द्या, समीक्षक कुठून आणणार? दरवेळी तेच चार जण राबतात. चिलीतल्या अल्मा या रेडिओ दुर्बिणीने २०२१ पासून बहुतेक प्रस्तावांसाठी साधा हिशेब ठेवलाय: एक प्रस्ताव टाकलात की इतरांचे दहा वाचून क्रम लावायचा. नाही लावला तर तुमचाच बाद.

जुना खडूस:
दहा वाचतील, पण पान ४ पर्यंत पोचतील का?

तिसरा मसुदा:
म्हणूनच निकालानंतर नको. सही ऐच्छिक, मान्य. पण अभिप्राय आधी दाखवा आणि उत्तराला सात दिवस द्या.

कुंपणावरची:
सात दिवस चालतील. शब्दमर्यादा मात्र घाला, नाहीतर तुम्ही चौथा मसुदाच पाठवाल.