जुलैची सहल: निळ्या पट्ट्याची वाट घ्यायची का?

मंडळी, नमस्कार.
सहलीसाठी स्विस आल्प्समधली एक वाट हेरली आहे. वरच्या टप्प्यात वाटखुणेचा पांढरा-निळा-पांढरा पट्टा आहे, अवघडपणाची श्रेणी टी ४ (टी १ सर्वांत सोपी, टी ६ सर्वांत अवघड). पाटीवर जाऊन-येऊन साडेचार तास होतात, म्हणजे नऊला निघून दीडपर्यंत खाली. अकरा जणांचा होकार आलाय, त्यात तीन मुलं. अशा वाटेवर कुणी गेलंय का?

———

दादा, उत्तर सगळ्यांनाच पाठवतेय, अकराही जणांनी वाचावं म्हणून.

पाटीवरचा वेळ सपाटीला ताशी ४.२ किलोमीटर धरून काढतात. चढ-उतार त्यात धरलेला असतो, थांबणं मात्र अजिबात नाही. पाणी, बुटाची नाडी, फोटो यांत अकरा जणांचे दीड-दोन तास सहज जातात. म्हणजे उतरायला लागाल तेव्हा दुपार, आणि उन्हाळ्यात ढग गडगडतात ते दुपारनंतरच.

पण मला खरी धास्ती रंगाची आहे. साधी पिवळी वाट टी १. पांढरा-लाल-पांढरा म्हणजे टी २, टी ३. निळा लागला की टी ४ ते टी ६. तिथे हात वापरावे लागतात आणि पाय सुटला तर अडवायला खाली काही असेलच असं नाही.

दोन वर्षांपूर्वी अशाच वाटेवर मी मजेत चढले. चढताना खाच डोळ्यांसमोर असते. उतरताना तीच आपल्या पोटाआड जाते. वर असताना धुकं आलं, चुनखडीचा कातळ ओला झाला. पंधरा फुटांचा पॅच, चढताना जाणवलाही नव्हता. उतरताना कातळाकडे तोंड करून, बुटाच्या टोकाने खाच चाचपत, अर्धा तास! खालच्या घळीत जुना बर्फ. नवरा मागे गप्प उभा, आणि तो गप्प बसणाऱ्यांतला नाही.

शिवाय घसाऱ्यावर वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्याकडेच येतो. मुलांना घेऊन नकोच.

लाल पट्टा आहे तिथवर सगळे जाऊ. पुढे ज्यांना हौस आहे त्यांनी तिघा-चौघांनी वेगळ्या दिवशी, कोरड्या हवेत, पहाटे निघावं. फोनमध्ये रेगाचा, म्हणजे स्विस हवाई बचाव सेवेचा, १४१४ हा नंबर ठेवा. रेंज नसेल तर मिनिटात सहा शिट्या, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्यांनी येतं. मुलांना शिकवून ठेवा, मात्र शिट्या घरी लपवाव्या लागतील.

———

ताई, नकाशा पुन्हा पाहिला. निळा पट्टा खिंडीनंतर लागतो. तेव्हा सहल खिंडीपर्यंतच, निघायचं सातला. शिखरावरच्या फोटोसाठी ज्यांनी होकार दिलाय त्यांना तुम्हीच सांगा, माझं कुणी ऐकणार नाही.

———

सांगते. तुम्ही तेवढा खिंडीजवळच्या हटवर (डोंगरातल्या मुक्कामाच्या घरी) आदल्या दिवशी फोन करा. उत्तरेकडच्या घळीत बर्फ उरला असेल तर लाल पट्ट्यावरही मुलांना नेणं अवघड आहे.