विषय: आई-बाबांना कॅन्यन दाखवायचंय, सात दिवसांत काय काय बसेल?

प्रेषक: अंबाजोगाईकर (एरवी डॅलस)

नमस्कार मंडळी,

सध्या सुट्टीवर घरी, अंबाजोगाईत आहे. आई-बाबांचा व्हिसा झाला. पासपोर्ट कुरियरने आले तेव्हा आईने पाकीट न फोडताच योगेश्वरीच्या फोटोपुढे ठेवलं. जुलैअखेरीस दोघांना घेऊन येतोय. न्यूयॉर्क, नायगारा त्यांना नको. बाबांना "ती खोल दरी" बघायचीय. शाळेत भूगोल शिकवायचे, तीस वर्षं फळ्यावर कोलोरॅडोची घळई काढली, आता म्हणतात एकदा खरी दाखव.

बेत असा: लास वेगसला उतरायचं, मग झायन, ब्राइस, आर्चेस, कॅन्यनलँड्स, मॉन्युमेंट व्हॅली, अँटिलोपची अरुंद घळ, ग्रँड कॅन्यन, जमलं तर सेडोना, आणि परत वेगस. सात दिवस. मी एकटाच चालवणार. बाबा ७१, आई ६६, तिचा डावा गुडघा कुरकुरतो. जमेल ना?

प्रेषक: फिनिक्सवाला

जमेल. आई-बाबांना गाडीच्या काचेतून सगळं दिसेल आणि तुला फक्त रस्ता.

हजार मैलांच्या वर गाडी होते ही. नकाशावर बोटभर दिसतं म्हणून फसू नकोस. ग्रँड कॅन्यनचंच घे. दक्षिण काठावरून उत्तर काठ समोर दिसतो, पक्ष्यासाठी दहा मैल. गाडीने वळसा घालून जायचं तर दोनशेच्या वर. यूटातल्या आय-७० महामार्गावर ग्रीन रिव्हर सोडलं की सलायनापर्यंत शंभराहून जास्त मैल पेट्रोल नाही, चहा नाही, काही नाही. टाकी अर्धी झाली की भरायची, हा नियमच करून टाक.

आणि जुलैअखेर का? आमच्याकडे तेव्हा मान्सून असतो. हसू नका, त्याला इथे मान्सूनच म्हणतात, १५ जून ते ३० सप्टेंबर. दरीच्या तळाशी पारा चाळिशीच्या वर. ऑक्टोबर धर.

आर्चेस आणि कॅन्यनलँड्स पहिले कापून टाक. सुंदर आहेत, पण त्यांच्या जवळचं गाव, मोआब, दुसऱ्याच कोपऱ्यात आहे. सेडोनाही काप. वेगसहून झायन अडीच-तीन तास, तिथून ब्राइस दोन, मग अँटिलोपसाठी पेज गाव, मग दक्षिण काठ. एवढंच.

पैशाचं: १ जानेवारी २०२६ पासून बाहेरच्या पाहुण्यांचे दर वेगळे झालेत. इथल्या रहिवाशाला वार्षिक पास ८० डॉलर, परदेशी पाहुण्याला २५०. पास नसेल तर ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस धरून अकरा पार्कांत माणशी १०० डॉलर जास्तीचे. कोणाच्या पासावर गाडीतलं कोण आत जातं, ते निघण्याआधी पार्क सर्व्हिसच्या साइटवर नीट वाच. फाटकावर वाद घालायला लावू नकोस बाबांना.

प्रेषक: संभाजीनगरहून, पूर्वी डेन्व्हर

आम्ही बारा वर्षं तिकडे काढून आता इकडे आलोय, पण यादीतून माझं नाव कुणी काढलं नाही आणि मीही आठवण केली नाही. म्हणून लिहिते.

आम्ही माझ्या आई-अण्णांना नेलं होतं. अण्णा पाटबंधारे खात्यात होते, सगळी नोकरी पैठण आणि आसपास. आईने दशम्या केल्या होत्या, दुधात भिजवलेल्या, आणि शेंगदाण्याची चटणी. धपाटेही होते, ते पहिल्याच दिवशी संपले. दशम्या मात्र चौथ्या दिवसापर्यंत टिकल्या. त्या प्रवासातली निम्मी जेवणं आम्ही रस्त्याकडेच्या बाकावर केली आणि एकालाही त्याचं वाईट वाटलं नाही.

आधी आमची फजिती सांगते, म्हणजे तुझी वाचेल. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. यूटा करतं. आणि बराचसा ॲरिझोनाच्याच आत असलेला मूळनिवासी नॅव्हाहो लोकांचा मुलुखही करतो. आम्ही पेजहून मॉन्युमेंट व्हॅलीला निघालो, जीपची सफर चारची. गाडीतल्या घड्याळाप्रमाणे चारला दहा मिनिटं कमी असताना पोचलो आणि आनंदात गाडी लावली. तिथे पाच वाजत आले होते. जीप कधीच गेली होती. पैसेही गेले. मग सतरा मैलांचा तो कच्चा रस्ता आपल्याच गाडीने करावा म्हटलं, तर ह्यांनी भाड्याचा करार काढला. कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायची नाही, असं त्यात बारीक अक्षरात होतं. अर्धा तास वरूनच बघितलं आणि परतलो. ऑक्टोबरातही घड्याळाचा हा घोळ असतोच, लक्षात ठेव.

आता पेजबद्दल, कारण तिथेच आमचा मुक्काम लांबला. घोड्याच्या नालेसारखं वळण घेणारी नदी बघायला सगळे जातात, हॉर्सशू बेंडला. अण्णा काठाशी उभे राहिले आणि म्हणाले, "अजिंठ्याच्या व्ह्यू पॉइंटवरून वाघूर दिसते, तशीच की." मी म्हटलं अण्णा, ही हजार फूट खोल आहे. "खोली राहू दे, वळण तेच आहे." त्यांना खडक मात्र पटेना. आपला काळा बेसाल्ट लाव्हाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. तिथला लाल वालुकाश्म म्हणजे वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या, पुढे दगड झालेल्या. आडव्या-तिरक्या रेघा दिसतात त्या वाऱ्याच्या. अण्णांनी हात फिरवून बघितला. तळहाताला वाळू लागली, तर ती त्यांनी खिशात टाकली. मी ओरडले. पार्कातून दगड-माती उचलायची नसते. त्यांनी खिसा उलटा करून तिथेच झटकला, पण दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी लेक पॉवेल. ग्लेन कॅन्यन धरणात १९६३ पासून पाणी अडवायला लागले. लाल कड्यांवर पाण्याच्या वर एक पांढरा पट्टा दिसतो, क्षारांचा, कित्येक मजले उंच. माझ्या पोरांनी त्याचे फोटो काढले, छान दिसतो म्हणून. अण्णांनी मात्र एकच विचारलं, "पाणी इथवर होतं?" आणि मग बराच वेळ तिथे उभे राहिले. मी माहिती सांगितली, की सात राज्यांनी १९२२ मध्ये करार करून हे पाणी वाटून घेतलं, मेक्सिकोचाही वाटा आहे, आणि एवढं करून नदी आता बहुतेक वेळा समुद्रापर्यंत पोचतच नाही. ते म्हणाले, "म्हणजे नाशिक, नगर आणि आपण." समन्यायी पाणीवाटप हा शब्द यूटाच्या वाळवंटात ऐकेन असं मला वाटलं नव्हतं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच्या पुढच्याच वर्षीची ही गोष्ट, त्यामुळे तो विषय जेवणापर्यंत चालला.

अँटिलोपबद्दल एक गोष्ट गंभीरपणे. ती नॅव्हाहोंची जमीन आहे, त्यांचा वाटाड्या घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. वरच्या अँटिलोपचं त्यांच्या भाषेतलं नाव म्हणजे पाणी जिथून खडकातून वाहतं ती जागा. १२ ऑगस्ट १९९७ ला खालच्या भागात अकरा पर्यटक वाहून गेले. पाऊस पडला होता मैलोगणती लांब, वरच्या अंगाला. हे आमच्या पोरांना दोनदा समजावून सांगावं लागलं, कारण डोक्यावर तर निळं आभाळ. आईला एकदाही नाही. तिच्या माहेरी लेंडीला पूर यायचा तो असाच, गावात थेंब नाही आणि ओढा दुथडी. फिनिक्सवाले भाऊ म्हणतात तो जुलै टाळायचा, याचं खरं कारण हे. उकाड्याचं काय, आपण बीडचा मे काढलेली माणसं.

खालच्या अँटिलोपला उभ्या शिड्या आहेत. आईंचा गुडघा बघता वरचंच घ्या, ते सपाट आहे.

आणि दरीविषयी. तुझे बाबा भूगोलाचे, त्यांना मी काय सांगणार. पण एक सांग त्यांना: काठावरचा सगळ्यात वरचा थर, कैबाब चुनखडक, साधारण सत्तावीस कोटी वर्षांचा, आणि अगदी तळाचा काळा खडक एकशेसत्तर कोटींच्या आसपास. त्या तळाच्या खडकाचं नाव विष्णू शिस्ट. आतले सुळके बघा, शिव टेंपल, विष्णू टेंपल, राम श्राइन, कृष्ण श्राइन. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शिव आणि विष्णू ही नावं दिली, आणि तो पायंडा पुढे चालला. अण्णा वेरूळला लहानपणापासून शंभरदा गेलेले. म्हणाले, "नाव बरोबर ठेवलंय. कैलासही वरून खालीच कोरत आणलाय. फक्त इथे छिन्नी पाण्याची." मला हे आधी सुचलं नव्हतं, याचा अजून राग येतो.

बाकी: पाणी माणशी चार लिटर गाडीत. काठावर संध्याकाळी थंडी पडते, सात हजार फूट आहे, स्वेटर वरच्या बॅगेत. खाली उतरायचा मोह बाबांना होईल. पाव तासाच्या वर उतरू देऊ नका, चढायला दुप्पट वेळ लागतो आणि उतरताना ते कुणालाच कळत नाही.

प्रेषक: अंबाजोगाईकर

ताई, तुमचं पत्र बाबांनी प्रिंट काढून आणायला लावलं. चौकातल्या झेरॉक्सवाल्याने आधी स्वतः वाचलं, मग दिलं. बाबांनी शिसपेन्सिलीने खुणा केल्यात. त्यांचा निरोप जसाच्या तसा:

"वाघूरचं वळण बरोबर. पण खोली राहू दे कशी? खोली हाच तर मुद्दा. नदीने कोरलं हे खरं, पण जमीन वर उचलली गेली म्हणून नदीला कोरता आलं. आपली मांजरा का कोरत नाही एवढं, तर बालाघाट तेवढा उचललाच नाही. अण्णांना कळवा. आणि फिनिक्सच्या भाऊंना म्हणावं ऑक्टोबर मान्य, पण मार्गशीर्षाच्या आत परत पाहिजे, योगेश्वरीचं नवरात्र चुकवायचं नाही."

तर नवा बेत: ऑक्टोबर. वेगस, झायनला दोन रात्री, ब्राइसला एक, पेजला दोन, दक्षिण काठाला दोन. झायनमध्ये गाडी मुक्कामी ठेवून शटलने फिरायचं, कारण त्या दिवसांत आतल्या रस्त्यावर खासगी गाड्या सोडत नाहीत, हे मला काल कळलं. ब्राइसच्या सुळक्यांबद्दल तिथल्या मूळनिवासी पाययूट लोकांची कथा आईला सांगितली, की ती वाईट वागलेली माणसं होती, कोयोटीने, म्हणजे तिकडच्या कोल्ह्यासारख्या प्राण्याने, त्यांना दगड केलं. आई म्हणाली, मग आपली अहल्या सुटली ती नशिबाची. काल पाहुणे आले होते, त्यांनाही तिने हीच कथा सांगितली, पण कोयोटीच्या जागी कोल्हा घालून.

आता फक्त तिचा एक प्रश्न उरलाय, मला उत्तर येत नाही म्हणून इथे विचारतो. रोजचं धुणं तिथे वाळत कुठे घालायचं? दोरी आणू का म्हणते.

प्रेषक: फिनिक्सवाला

आणा. पण बाथरूममध्येच बांधा, बाल्कनीत नको, मॅनेजर येतो. हवा इतकी कोरडी की नऊवारी सकाळपर्यंत खडखडीत. आणि दशम्या चार जास्तीच्या, फिनिक्स वाटेवर नसलं तरी मी काठावर येतो.