‘क्लिअर आउट’ला काय म्हणावं: उडवणे, ढकलणे की रेटणे?

धरणगाव: शाळेतल्या पोरांना रग्बी शिकवतो. बहुतेक कबड्डीतून आलेली. चेंडू जमिनीवर असताना दोन्हीकडचा किमान एकेक गडी उभ्याने त्यावर भिडला की झाला रक. तिथं चेंडूवर वाकलेल्या विरोधकाला मागे हटवायचं, ते क्लिअर आउट. मी आजवर मैदानाच्या कडेने “उडव त्याला!” असंच ओरडत आलो. गेल्या आठवड्यात एकाने खरंच उडवलं. हात छातीशी दुमडलेला, खांदा पुढे, थेट फासळ्यांवर. समोरचा पोरगा बराच वेळ कण्हत पडला होता. पोराला काय बोलणार, क्रियापद माझंच. ‘साफ करणे’ म्हटलं तर झाडू आठवून हसतात. शब्द सुचवा.

चाळीसगाव: सरळ ‘ढकलणे’. सगळ्यांना कळतं.

शिरपूर: कळतं, पण चुकीचं कळतं. ढकलताना हात लांब असतात आणि धक्का तिथेच संपतो. चिखलात रुतलेली बैलगाडी आपण ढकलत नाही, खांदा लावून रेटतो. म्हणून ‘रेटणे’. पण नुसतं रेटणंही पुरत नाही. रकमध्ये शिरणाऱ्याने कुणाला तरी बांधून घेतलं पाहिजे, आणि ते अंगाचा दुसरा कुठलाही भाग लागण्याआधी, फार तर त्याच क्षणी. न बांधता घुसलं की नियम ९.२० खाली फाउल. समोरच्याच्या खांद्याच्या रेषेच्या वर, म्हणजे मान-डोक्याला लागलं तरी फाउल.

आता गंमत बघा. ‘धरून रेटणे’ चालतं, ‘धडकून धरणे’ चालत नाही. ‘-ऊन’ ज्या क्रियापदाला लागतो ते काम आधी. अख्खा नियम त्या प्रत्ययात बसलाय.

धरणगाव: ‘धरून’ म्हटलं की आमची पोरं जर्सीची बाही धरतात.

शिरपूर: मग आखाड्यातला शब्द घ्या, ‘कव घालणे’. नियमातल्या बांधण्याची व्याख्या हीच: हाताच्या पंजापासून खांद्यापर्यंत सगळा हात टेकलेला, पकड समोरच्याच्या खांदे आणि कंबर यांच्या मधल्या भागावर. जत्रेतल्या दंगलीत बसणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, कव म्हणजे काय ते हात पसरून दाखवेल.

चाळीसगाव: मान्य, ‘ढकलणे’ मागे घेतो. पण ‘क्रोकोडाइल रोल’चं काय? ‘मगरलोळण’?

शिरपूर: लोळण आपण स्वतः घेतो. इथं दुसऱ्याला धरून पिळत खाली आणायचं असतं, म्हणून ‘मगरपीळ’. चेंडूवर वाकलेल्याचे पाय जमिनीत रोवलेले, वरचं अंग फिरतं, त्यात पिळणाऱ्याचं वजन गुडघ्यावर येतं. १ जुलै २०२४ पासून जागतिक नियमांत बंदी आहे, थेट पेनल्टी. त्या वाकलेल्याला इंग्रजीत ‘जॅकलर’ म्हणतात, आणि जॅकल म्हणजे कोल्हा. म्हणजे कोल्ह्याला मगरीने पिळायचं नाही. पंचतंत्रच झालं की!

चाळीसगाव: पायांत घुसून पाडलं तर?

शिरपूर: तेही नाही. त्याच्या पायांवर वजन टाकायचं नाही. कव, रेटा, आणि आपण शेवटपर्यंत उभे.

धरणगाव: आज करून पाहिलं. ‘कव घालून रेट’ ओरडायला लांबतं, चेंडू निघूनही जातो. मग अहिराणीत आणलं: “कव घाल, मंग रेट!” त्या ‘मंग’वर पोरं अर्धा क्षण थांबतात. मला तेवढंच हवं होतं. एकजण मात्र आपल्याच गड्याला कव घालून मागे रेटत होता. त्याच्यासाठी शब्द नकोय, त्याला मी बघून घेतो.