शहापूर म्हणजे 'जुनं बेळगाव' नव्हे!

शहापूरकर : बेळगावच्या जुन्या गल्ल्यांवर कुणी लिहायला बसलं की आज शहराचाच भाग असलेल्या शहापूरला सरळ 'जुनं बेळगाव' म्हणून मोकळं होतात. मला हे पटत नाही. 1818 मध्ये इंग्रज सेनानी थॉमस मन्रोनं बेळगावचा किल्ला घेतला आणि बेळगाव इंग्रजांकडे गेलं. शहापूर मात्र सांगलीच्या पटवर्धनांकडेच राहिलं, 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत. इंग्रजांच्या लष्करी छावणीमुळे बेळगावची बाजारपेठ फुगली, त्याआधी व्यापारात आणि सावकारीत शहापूरचाच दबदबा होता. खडेबाजार तिकडे एक, इकडे एक. एकाच गावाला दोन खडेबाजार कशाला लागतील? आमच्याकडे रंग खेळतात ते रंगपंचमीला, शहरात धुळवडीला. जुनी माणसं याचं कारण संस्थानच सांगतात.

गणपत गल्ली (बेळगाव शहर) : दादा, हद्द राजांची होती, माणसांची नव्हे. कपिलेश्वराच्या देवळात दोन्हीकडची माणसं जातात. सोयरिकी होतात, बाजारहाट एकच. 1956 मध्ये आपल्याला म्हैसूर राज्यात घातलं तेव्हा कुणी विचारलं का, तू संस्थानातला की इंग्रजी हद्दीतला? सीमालढ्यात सगळे एक होऊन उतरले. आता ही जुनी रेघ पुन्हा कशाला ओढायची?

मागवाला : तुमचं दोघांचं सावकारांवर आणि राजांवरच चाललंय. शहापूर नावारूपाला आलं ते शहापुरी साडीमुळे. आमच्या घरी आजोबांचा हातमाग होता, वडिलांनी पॉवरलूम घातला. रात्री खटखट थांबली तर आजीला झोप लागायची नाही. माग चालवणारे मराठी बोलणारे तसे कन्नड बोलणारेही, आणि बरेच जण दोन्ही. सुताचा भाव वाढला की दोघांच्याही चुली मंदावायच्या. इतिहास लिहायचाच तर आधी माग बंद पडलेल्या घरांत जाऊन बसा. तिथली म्हातारी माणसं अजून सांगू शकतात.

शहापूरकर : मागवाले काका, हे मान्य. विणकर माझ्या लिहिण्यात यायलाच हवे होते. पण गणपत गल्लीवाले, लढ्यात एकत्र होतो म्हणून आधीची सव्वाशे वर्षं पुसायची का? शहापूर बेळगावात आहेच, कुणी नाकारत नाही. खडेबाजारातल्या पोराला आपण सांगलीच्या संस्थानात होतो एवढंही माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

गणपत गल्ली : शाळेत शिकवा की, माझा विरोध नाही. फक्त 'आम्ही वेगळे' हा सूर नको. सीमाभागात तो आपल्याला परवडत नाही.